ठकूचा दोर

पुष्करणीच्या पायऱ्या अजून पावलांनी झिजल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. निंबवड्याला आईसाहेबांची बाग होती आणि त्या बागेत हैबती माळी राबत होता. हत्ती लपेल एवढी उंच मेंदीची कुंपणं तो छाटायचा. आभाळाला टेकलेल्या झाडांवर चढून वाळल्या फांद्या उतरवायचा. तो कधी पडला नाही. त्याच्या कमरेचा दोर वरच्या बेचक्यातून खाली यायचा. बुंध्याला एक वेढा घालून त्याचं टोक त्याची बायको ठकू धरून उभी असायची.

चढण्याआधी तो विचारायचा, "धरलास का गं?"

"धरलाय. चढा तुम्ही."

हे ऐकल्याशिवाय त्याचा पाय जमीन सोडत नसे. लोक हसायचे. "हैबती, बायकोनं दावणीला बांधलंय रे तुला!"

"म्हणून तर रोज घरी जेवायला पोचतो," तो म्हणायचा.

मग एका तापात ठकू गेली. हैबतीनं दोर गुंडाळून आढ्याला टांगला आणि झाडावर चढणं सोडलं.

पुढच्या वैशाखात वादळ झालं. बागेतल्या पुष्करणीवरच्या जुन्या जांभळीची मोठी फांदी तडकली आणि पाणवठ्यावर लोंबकळत राहिली. गावाला दुसरं पाणी नव्हतं. बाया वर बघत, जीव मुठीत धरून घागरी भरायच्या. जांभळीचं लाकूड दगाबाज, त्यात शेंड्याला आग्या मोहोळ. चढायला कोणी धजेना. शेवटी हैबतीनं आढ्याचा दोर काढला.

टोक धरलं ठकूच्या भावानं, राणोजीनं. हैबतीच्या तोंडून सवयीनं निघालं, "धरलास का गं?"

कोणी हसलं नाही. राणोजी हळूच म्हणाला, "धरलाय, दाजी."

हैबतीनं खालची माणसं लांब सारली आणि तो चढला. कुऱ्हाडीच्या घावांनी फांदी सुटली, पाण्यात कोसळली, आणि त्या हादऱ्यानं मोहोळ उठलं. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. राणोजीनंही दोर सोडला. त्याच क्षणी हैबतीच्या पायाखालचं लाकूड मोडलं.

असं म्हणतात, तेव्हा दोर ताठ झाला. विहिरीत पोहरा जपून सोडावा, तसा हैबती हळूहळू खाली आला. असं म्हणतात, एक माशी त्याला डसली नाही.

जमिनीला पाय लागले तेव्हा दोराजवळ कोणी नव्हतं. सांडलेल्या पाण्याच्या चिखलात दोन टाचा रुतल्याच्या खुणा तेवढ्या होत्या. खोल, आणि लहान. बाईमाणसाच्या.

हैबती तिथंच बसला. त्या खुणांवर हात ठेवून म्हणाला, "हात सोलले असतील गं तुझे."

आजही त्या बागेत कोणाला झाडावर चढायचं झालं, तर तो आधी विचारतो, "धरलास का गं?" खाली दोर धरून दाढीमिशीवाला गडी असला, तरी तो म्हणतो, "धरलाय. चढा तुम्ही." त्यावाचून कोणी पाय उचलत नाही. आणि काम संपलं, माणूस सुखरूप उतरला, की दोराच्या खालच्या टोकाला बोटभर लोणी लावतात.