कवटीची खूण

आमच्या छावणीतल्या फ्रीमेसनांच्या, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाच्या, बंगल्याला लोक भुताचा बंगला म्हणत. आत मेसनांची दोन मंडळं होती, पण जुन्या भांडणापायी मधल्या दाराला कायम कडी असे.

नाडगौडा वकिलांना त्यातल्या एका मंडळाचं सभासद व्हायचं होतं. रिवाजाप्रमाणे डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना आत नेलं आणि हातात काहीतरी गार, गुळगुळीत ठेवलं. त्यांची बोटं दोन खोबणींत गेली. ती कवटी होती.

"आमच्या आद्य बंधूंची आहे," मंडळाचे प्रमुख रावसाहेब टिपणीस म्हणाले. "शपथ घ्या. आमची गुप्त खूण ज्याला देता येत नाही, तो आमचा बंधू नाही. पलीकडच्यांना ती येत नाही. त्यांच्याशी संबंध ठेवणार नाही, असं म्हणा."

वकिलांनी कवटी पुढे धरली. "आधी यांना खूण विचारा."

त्यांनी कवटी कानाशी नेऊन ऐकल्यासारखं केलं.

"यांना देता येत नाही, तरी हे तुमचे बंधू. मग पलीकडचे अजून जिवंत आहेत, एवढाच त्यांचा गुन्हा का?"

सगळे कवटीकडे बघत असतानाच मधल्या दाराची कडी वाजली. पट्टी सोडली तेव्हा दार सताड उघडं होतं.

कडी आपण काढली असं आजवर कोणी कबूल केलेलं नाही. रावसाहेब मात्र त्या कवटीकडे पाठ करून बसत नाहीत.