तीन रंगांचे तोंड

एकदा एक वृद्ध मेंढपाळ उजाड माळावर कळप घेऊन राहत असे. मेंढी नुसती शिंकली तरी तिची पणजी कोणत्या गावची हे तो ओळखतो, असे लोक सांगत; आणि सांगणारे थोडे हातचे राखूनच सांगत. त्याच्यापाशी एक शिष्य होता. सात वर्षे सरली, तिशी उलटली, तरी बिचाऱ्याचा स्वतःचा कळप झाला नव्हता. एके दिवशी म्हातारा म्हणाला, "यंदाच्या कोकरांतून पैदाशीचा मेंढा निवड. निवड पटली तर चाळीस मेंढ्या घेऊन वेगळा हो. नाही पटली, तर आणखी एक वर्ष माझ्या भाकरी थाप."

शिष्याला हसू आले. कळपात एक कोकरू असे माजले होते, की त्याच्या सावलीत दोन माणसांनी जेवायला बसावे. शिष्य त्याला 'सरदार' म्हणे. त्याने दोरीने साऱ्या कोकरांच्या छात्या मोजल्या. सरदाराला दोरी पुरेना. मग त्यालाच खांद्यावर घालून तो धापा टाकत गुरूपुढे उभा राहिला.

"आबा, हा घ्या तुमचा मेंढा."

"बरा आहे. आता हळद, गेरू, नीळ आणि कोळशाची पूड आण."

"पूजा करायची का याची?"

"तुझी करतो. आण आधी."

माळावर दिवसभर कोकरे वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, असत. आया चरून आल्या, की संध्याकाळी त्यांना पाजायला सोडत. त्या दिवशी कळप परतताच म्हाताऱ्याने चार मेंढ्या धरल्या आणि त्यांचे सड रंगवले. सरदाराच्या आईला हळद, तिच्या शेजारणींना गेरू आणि नीळ. चौथी जुळ्यांची आई, तिला कोळसा. शिष्य पाहतच राहिला. म्हाताऱ्याला चळ लागला असावा, अशी शंका त्याला आली आणि चाळीस मेंढ्या डोळ्यांसमोरून दूर जाऊ लागल्या.

वाघर उघडली. एकच कल्लोळ उडाला. तो शमल्यावर म्हातारा म्हणाला, "बोलव तुझ्या सरदाराला."

सरदार आला तो शिमगा खेळून आल्यासारखा. तोंड पिवळे, त्यावर तांबडे, त्यावर निळे!

"लेका, दिवसा छात्या मोजतोस. संध्याकाळी पाजताना तुझी नजर कुठं असते?"

"चुलीकडं," शिष्य पुटपुटला.

"तीन आयांचं दूध पिऊन कुणीही वाढेल. चोरलेलं दूध त्याच्या पोटात उतरलं, रक्तात नाही. पोटातलं त्याच्यापाशीच राहील. पोरांना मिळेल ते रक्तातलं. आता ती काळी तोंडं बघ."

शिष्य जुळ्यांपुढे उकिडवा बसला. दोघांच्या तोंडाला कोळसा, दुसरा रंग नाही. पण एक कोकरू दुसऱ्याहून वीतभर उंच.

"आबा, आई एक, बाप एक, दूध अर्धं अर्धं. मग हा फरक आला कुठून?"

"तूच सांग."

"रक्तातूनच यायला हवा. पण एकाच घरचं रक्त, आणि तरी सारखं नाही?" त्याचे डोळे चमकले. "बरं झालं की! सगळी सारखीच निपजती, तर निवडायला उरलं काय असतं?"

म्हातारा गालात हसला. "मग धर त्या उंचाला."

शिष्याने हात पुढे केला आणि आखडता घेतला. "यानं भावाला ढकलून जास्त ओढलं असेल तर? मला आठवडाभर बघू द्या. त्याआधी मी नाव घेणार नाही."

आठवडाभर तो सांजेला जुळ्यांपाशी बसून राहिला. दोघे एका वेळी आईला लागत, एका वेळी सुटत. आठव्या दिवशी त्याने उंच कोकरू गुरूपुढे आणून ठेवले. "बहुधा हाच. खात्री याची कोकरं देतील."

तोवर चुलीवर भाकरी करपून कोळसा झाली होती. म्हाताऱ्याने ती मोडली आणि चवीने खाल्ली.

"सात वर्षांत भाकरी आज जमली तुला," तो म्हणाला. "जा, चाळीस मेंढ्या वेगळ्या काढ."