मागच्या सीटवरची झोप

“मग उस्ताद, यातली कोणती घेऊ?”

रसूल मुल्लाणी उस्ताद पांढऱ्या गाडीच्या मधल्या सीटवर बसून सीटबेल्ट ओढत होते. हळूहळू, विहिरीतून दोर काढावा तसा.

जयसिंगपूरच्या बाहेर, शिरोळ रस्त्याला त्यांचं गॅरेज. वय पंचाहत्तर. हेमंत ओतारी पॉलिटेक्निकला असताना दोन उन्हाळे त्यांच्या हाताखाली शिकला होता. आता तो कोल्हापूरच्या एका फौंड्रीत तपासणी विभागाचा प्रमुख होता. कास्टिंगवरची केसाएवढी चीर त्याला दिसायची, आणि ती आपल्यालाच दिसते हेही त्याला ठाऊक होतं.

चार महिने तो जुनी गाडी शोधत होता. मोठी, सात जणांची. अकरा बघितल्या, नऊ नाकारल्या. उरलेल्या दोन एजंटनं दुपारपुरत्या उस्तादांच्या दारात आणून लावल्या होत्या.

“पांढरीला सहा एअरबॅग आहेत,” हेमंत म्हणाला. “पळालीय चाळीस हजारच. करडीला दोन एअरबॅग, आणि नव्वद हजार. माझ्या मते पांढरी.”

बेल्ट संपला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट रेघ होती. वाळलेला गाळ.

उस्तादांनी तो पट्टा हेमंतच्या हातात दिला.

“पुरात उभी होती. सीटा धुतल्या, कार्पेट बदललं. बेल्ट इथवर कुणी ओढून बघत नाही.”

हेमंतच्या यादीत एकशे चार मुद्दे होते. हा नव्हता.

“एअरबॅगच्या वायरी पाण्यात राहिल्यात. वेळेला फुगतील का नाही, कुणी सांगावं?”

मग उस्ताद करड्या गाडीकडे वळले. बॉनेट उघडून बोल्ट पाहिले, कुठं पाना लागल्याची खूण नव्हती. पोतं टाकून खाली झोपले, टॉर्च लावून गाडीचा खालचा सांगाडा, चासी पाहिली. सर्व्हिसची बिलं एकाच मालकाच्या नावावर, सात वर्षांत खंड नाही.

“ही घे. टायर चारी बदल, ब्रेकपॅड बदल.”

“पण सुरक्षित आहे ना?”

“कुणासाठी घेतोयस?”

“शैलजासाठी. मुक्तासाठी.”

उस्तादांनी हात पुसले…

तीन वर्षांपूर्वी आंबा घाटात हेमंतची छोटी गाडी डोंगराला धडकली होती. त्याची मुलगी मुक्ता मागं बसली होती, नऊ वर्षांची. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. पत्रा इतका आत आला होता की दार कापून तिला बाहेर काढावं लागलं.

त्यानंतर त्याच्या बायकोनं, शैलजानं, देवरुखला, माहेरच्या गावी, शाळेत नोकरी धरली. भांडण झालं नव्हतं. हेमंत महिन्यातून दोनदा एसटीनं जायचा. ती आंबोळ्या करायची, मुक्ता वह्या दाखवायची. संध्याकाळच्या गाडीला दोघी स्टँडवर सोडायला यायच्या. “आता घरी चला,” असं तो म्हणाला, की शैलजा म्हणायची, “बघू.”

“पत्रा पातळ होता त्या गाडीचा,” हेमंत म्हणाला. “म्हणून आता मोठी बघतोय. भक्कम गाडी दारात उभी राहिली, की तिची भीती जाईल.”

उस्ताद करड्या गाडीचं मागचं दार उघडून आत बसले. बेल्ट लावला.

“चालव.”

हेमंतनं गाडी काढली. हात सफाईदार होता. गळीत हंगाम सुरू होता, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. त्यानं एक मागं टाकली, दुसरी टाकली. तिसरीच्या वेळी समोरून टेम्पो आला, पण अंतर त्यानं बरोबर जोखलं होतं. गाडी सहज निसटली.

परत आल्यावर त्यानं वळून विचारलं, “कशी आहे?”

“गाडी चांगली आहे.”

“मग?”

“मला झोप आली नाही.”

हेमंतला हसू आलं. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. पण उस्ताद हसत नव्हते.

“शैलजा झोपायची, तू चालवताना?”

“…आधी झोपायची.” तो स्टेअरिंगकडे बघत होता. “लग्नानंतर पहिली काही वर्षं. मलकापूर सोडलं, की डोकं काचेला टेकायचं. मागं मुक्ता, तोंड उघडं टाकून. गाडीत कुणी बोलत नसायचं. तेवढा एक तास…”



उस्ताद उतरले, पुढं आले. त्यांनी चावीसाठी हात पुढं केला.

“मागं बस.”

“उस्ताद, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन…”

“मागं बस.”

उस्तादांनी गाडी त्याच रस्त्याला घातली. थोड्याच अंतरावर ट्रॅक्टर लागला, मागं दोन ट्रॉल्या. उस्ताद त्यांच्या मागं राहिले. रस्ता मोकळा होता, तरी राहिले. उसाची पाचट उडून काचेवर येत होती. मागचे हॉर्न वाजवून पुढं गेले. हेमंतचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता, तिथं नुसती चटई होती.

“आता गाडी पुढं निघेल, उस्ताद.”

“निघेल.”

ते निघाले नाहीत.

मग केव्हातरी त्याचा पाय सैल पडला.

जागा झाला तेव्हा गाडी गॅरेजच्या दारात उभी होती, इंजिन बंद. सावली भिंतीवर चढली होती. उस्ताद पुढच्या सीटवर तसेच बसलेले, त्याला न उठवता.

हेमंतनं तोंडावरून हात फिरवला. हात ओला झाला.

“ती दोनदा म्हणाली होती,” तो म्हणाला. “घाटात. पुढं टँकर होता. म्हणाली, राहू दे, मागंच राहा. पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, तुला काय कळतंय… गाडी बाहेर काढली, आणि वळणावर समोरून बस आली.”

उस्ताद ऐकत होते.

“पत्र्याचं सगळ्यांना सांगितलं. हे कुणालाच नाही सांगितलं. तिनंही नाही सांगितलं.”

त्यानं करडी गाडी घेतली. टायर बदलले, ब्रेकपॅड बदलले. एका शनिवारी तो देवरुखला गेला. एअरबॅगबद्दल बोलला नाही. ओट्यावर बसून त्यानं शैलजाला एवढंच सांगितलं, की त्या दिवशी तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही.

शैलजा बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात पिशवी होती.

“रविवारी परत आणून सोडायचं,” ती म्हणाली. “शाळा आहे.”

सोमवारी संध्याकाळी हेमंत गॅरेजात आला. उस्ताद एका जीपचा क्लच बसवत होते.

“आल्या दोघी,” तो म्हणाला. “घाटात दुधाच्या गाडीमागं राहिलो. अख्खा घाट. मुक्ता मलकापूरच्या अलीकडेच झोपली.”

“आणि शैलजा?”

“नाही… हँडल धरून बसली होती. कोल्हापूरपर्यंत डोळे उघडे. येताना तशी, जाताना तशी.”

उस्तादांनी पाना खाली ठेवला.

“पण आता दर शनिवारी आणणार आहे. उस्ताद… तिला झोप लागायला अजून किती दिवस लागतील?”

उस्ताद पुन्हा जीपखाली सरकले. आतून आवाज आला.

“घाई नसली, तर लवकर.”