चिंच न पाहिलेला दाणा

फार वर्षांपूर्वी ज्वारीच्या एका शेतात मुंग्यांची एक रीत होती. दाणा कुठेही सापडो, तो आधी चिंचेखालच्या मोठ्या वारुळात न्यायचा, मग प्रत्येकीचा वाटा तिथून परत यायचा. बांधावरच्या झुरी मुंगीला ही वाट पायाखालची होती, तरी साधं पान पडलं की ती दचकायची. वाटा येईपर्यंत तिच्या बिळातली पिल्लं उपाशी राहायची.

एकदा त्या वारुळातल्या कोठारात दाणा ठेवताना तिच्या पोटाला काहीतरी गार टोचलं. तिनं वळून पाहिलं आणि ती घाबरून पळाली ती थेट राणीसमोर जाऊन पडली.

"आता कुठलं पान पडलं गं?" राणीनं हसून विचारलं.

"राणीमावशी, पडून पडून दाण्यांना कोंब फुटलेत. मुळं भिंतीत शिरलीत."

"मग आणखी खोल्या खणू. तुम्हीही इथंच राहायला या."

"सगळ्याच आलो, तर बांधावरचे दाणे कोण वेचणार?" झुरी म्हणाली. "खणायचंच आहे, तर बांधावरच कोठार खणा ना."

भिंतीतून डोकावणारं एक मूळ राणीनं ओढून पाहिलं, ते हललंही नाही. मग तिनं खणणाऱ्या मुंग्या झुरीसोबत धाडल्या.

त्या सुगीत बांधावरच्या पिल्लांनी पहिल्यांदाच चिंच न पाहिलेला दाणा खाल्ला.