तीन पेरू, सहा पिल्ले

ज्या काळी वृक्षांनाही गणित कळत असे, त्या काळी पुराने वेढलेल्या एका ढोलीत सहा भुकेली खारपिल्ले होती आणि पेरू तीनच होते. खारकुळात अख्खे फळच वाढण्याची रीत होती.

"तिघे जेवतील, तिघे उपाशी," आजोबाखार म्हणाला.

शेजारची मैना म्हणाली, "आजोबा, तिनाला अर्ध्याने भागा."

"भागल्यावर घटतं, खुळे! आहे तेही घालवतेस?"

"एका पेरूत अर्धी किती?"

"दोन."

"मग तिनांत?"

आजोबाने पेरू फोडले. मोजले, पुन्हा मोजले. सहा! त्याची शेपटी ताठ झाली.

पिल्ले खाऊ लागली. आजोबा मात्र थिजून ढोलीच्या त्या कोपऱ्याकडे पाहत राहिला, जिथे मागच्या पुरापर्यंत आणखी तीन पिल्ले निजत असत. त्या पुरात त्यांच्या वाट्याला अख्खे फळ आले नव्हते.