काचेतलं रॉकेट

ही गोष्ट राजाराणीच्या नव्हे, कागदी रॉकेटांच्या काळातली. अवकाशाचा धडा शिकवताना वृंदाबाईंनी वर्गाकडून रॉकेटं करून घेतली. त्यातलं देखणं सोनेरी रॉकेट त्यांनी काचेच्या कपाटात ठेवलं. वर्तमानपत्राचं रॉकेट मात्र मुलं रोज नळीतून फुंकून उडवायची. पडून पडून त्याचं नाक चेपलं, पंख दोनदा चिकटवावे लागले.

"काय ही दशा!" सोनेरी म्हणालं. "माझ्यावर बघ, एक सुरकुती नाही."

एकदा शाळेत पाहुणे आले. सोनेरी रॉकेट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे किती उंच जातं?"

कुणालाच सांगता येईना.

"आणि ते चेपलेलं?"

"कौलांपर्यंत!" अख्खा वर्ग ओरडला.

पाहुणे गेले. कपाट बंद होण्याआधी सोनेरी रॉकेटाने हळूच विचारलं, "पडताना फार लागतं का रे?"