वरून खाली मनोरा

“मनोरा वरून खाली बांधायचा! आधी घुमट, मग भिंती आणि पाया सगळ्यात शेवटी!”

सोनघळच्या राजेसाहेबांनी भर चौकात हुकूम सोडला आणि देवदान गवंडी आ वासून बघतच राहिला.

झालं होतं एवढंच. राजवाड्यासमोर घड्याळाचा मनोरा उभारायचा होता. संस्थानाची रीत अशी, की कुठल्याही इमारतीचा पहिला दगड राजेसाहेबांनी स्वतः बसवायचा आणि खालच्या चुन्याने तो पकडेपर्यंत त्यावरचा हात काढायचा नाही. या रीतीवर राजेसाहेबांचा भारी जीव! चांदीची थापी घेऊन, बँड लावून ते थाटात आले, तर देवदान पायाच्या खड्ड्याच्या काठी गुडघे टेकून प्रार्थना करत बसलेला. बँडवाल्यांचे गाल फुगून फुगून दुखायला लागले.

“काय रे,” राजेसाहेब कडाडले, “मनोरा अकलेनं बांधतोस की गुडघ्यांनी?”

“अकलेनंच, सरकार. पर ती ज्यानं दिली त्याच्यापुढं आधी वाकलं, की ती ताळ्यावर ऱ्हाती. प्रभू बघतोय म्हणलं, की चुन्यात माती मिसळायला हात धजत न्हाई.”

“देवाचं काय ते शेवटी बघू! आधी काम, मग देव!”

“त्यो शेवटी कसा चालंल, सरकार? त्यो तर पाया हाये!”

झालं! राजेसाहेब हट्टाला पेटले आणि तो उफराटा हुकूम सुटला. वर धमकी अशी, की आठ दिवसांत काम सुरू झालं नाही, तर देवदानाने थापी टाकायची आणि पुन्हा या मुलखात दगडाला हात लावायचा नाही. तीस वर्षं जिने घर चालवलं ती थापी! देवदान घरी येऊन ती पुसत बसला.

त्याची मुलगी सलोमी बापाच्या हाताखाली चुना कालवायची. हात चुन्याने फाटलेले, पण डोकं शाबूत.

“बा, हुकूम मान्य म्हणून कळवून टाक,” ती म्हणाली.

“अगं, हवेत दगड बसतो का? खोटं कसं बोलू?”

“खोटं कशाला? तू बांधायला तयारच हायेस की. फक्त रीत मोडायची न्हाई. सरकारांना बोलाव.”

आठव्या दिवशी राजेसाहेब पुन्हा बँडसकट हजर! बघतात तर चौकात चाळीस हात उंच बांबूंची परांची, तिला एक शिडी आणि शिडीपाशी दहा शेरांचा दगड घेऊन उभी सलोमी.

“चला सरकार, वर!”

“वर? मी?”

“पहिला दगड तुमच्याच हातचा, न्हवं का? आज पहिला दगड घुमटाच्या टोकाचा. तेवढा वर नेऊन धरा. चुन्यानं पकडला, की हात काढा.”

“आणि पकडणार कधी?”

“खाली चुना आला की! चुना यायला भिंत पाहिजे, भिंतीला पाया पाहिजे. बाचा हात लई चालतो, सरकार. दोन वर्सांत पोचंल तुमच्यापत्तूर!”

लोकांनी तोंडाला पदर आणि उपरणी लावली. राजेसाहेबांनी कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभारी घाईघाईने पागोटं सारखं करू लागले.

आता माघार घेतील तर ते राजेसाहेब कसले! दगड काखोटीला मारला आणि चढले शिडी. एक पायरी, दोन पायऱ्या, पाच पायऱ्या. सहावीवर पाय ठेवला मात्र, बांबू करकरला, परांची डुलली आणि राजेसाहेबांनी डोळे गच्च मिटून आरोळी ठोकली, “देवा रे! सांभाळ!”

देवदानाने धावत जाऊन शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

सलोमीने खालून हात जोडले. “सरकार, अजून एक दगड बसला न्हाई, एक भिंत उभी न्हाई, आन् तुम्ही आधी कुणाला हाक मारली?”

राजेसाहेबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मिशीचं एक टोक थरथरलं आणि ते असे खो खो हसत सुटले, की परांची पुन्हा डुलू लागली.

“अरे, मला आधी खाली घ्या रे! उरलेलं जमिनीवर हसतो!”

खाली उतरताच त्यांनी चांदीची थापी सलोमीच्या फाटलेल्या हातांत ठेवली. “ही तुझी! मनोऱ्याचं काम तुम्हा बापलेकींचं आणि पाया जिथे असतो तिथेच घाला.” बँडवाल्यांनी पुन्हा गाल फुगवले, तसे राजेसाहेब त्यांच्यावर ओरडले, “थांबा! आधी देवदानाची प्रार्थना!”

देवदानाने गुडघे टेकले. राजेसाहेबांनी हळूच वाकून त्याच्या कानात सांगितलं, “आणि हे बघ, त्या सहाव्या पायरीबद्दल माझ्यातर्फेही आभार मान!”